मनगटातला बोगदा आणि लहरींचे यंत्र



मागच्या तिमाहीत एका रविवारी उपासना संपल्यावर मंडळीतले एक बांधव थांबले आणि म्हणाले, "ताई, शहरात मनगटाच्या दुखण्यावर शॉक वेव्हचे यंत्र आले आहे. माझ्या पत्नीला त्याने गुण आला. वस्तीवरच्या बायकाही हात बधिर झाल्याचे सांगतात, असे तुम्हीच लिहिले होते. आपण तसे एक यंत्र घेऊ या का? पैशांची तजवीज मी करतो."

असा प्रस्ताव आमच्यासारख्यांना रोज येत नाही. तरी मी लगेच हो म्हणाले नाही. त्याचे कारण एका मावशीचा हात. तिच्याविषयी पुढे लिहिणारच आहे. पण त्या बांधवांना उत्तर द्यायचे तर आधी स्वतः समजून घ्यायला हवे होते. म्हणून तीन महिने डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना विचारले, जमेल तसे वाचले आणि वस्तीवरच्या बायकांचे हात हातात घेऊन पाहिले. त्यातून जे कळले तेच या अंकाचा अभ्यासपाठ. मी डॉक्टर नाही, तेव्हा हे वाचून कोणी स्वतःच उपचार ठरवू नयेत, एवढी विनंती.

दुखण्याचे नाव कार्पल टनेल सिंड्रोम. टनेल म्हणजे बोगदा. मनगटातल्या आठ छोट्या हाडांची तळव्याच्या बाजूला एक पन्हळ तयार होते आणि तिच्यावर एक जाड, चिवट पट्टा आडवा ताणलेला असतो. खाली हाडे, वर पट्टा, मध्ये बोगदा. त्यातून बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्याच गर्दीत एक मज्जातंतू जातो. त्याला डॉक्टर मीडियन नर्व्ह म्हणतात. आपल्या मुळशी धरणाचे पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून भिऱ्याच्या वीजघराकडे जाते, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. तो बोगदा कोरलेला खडक आहे, तो ताणला जात नाही. मनगटातलेही तसेच. कंडरांभोवतीचे आवरण सुजले किंवा अंगात पाणी धरले तर बोगदा मोठा होत नाही, आतला दाब वाढतो. कंडरा तो सोसतात, मज्जातंतूला तो सोसत नाही.

हा मज्जातंतू अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेच्या अंगठ्याकडच्या अर्ध्या भागाला संवेदना देतो. अंगठ्याच्या बुडाशी तळव्यात जो फुगीर मांसल भाग असतो, त्यातल्या बऱ्याच स्नायूंना तोच चालवतो. म्हणून या दुखण्याच्या खुणा ठरलेल्या असतात. या बोटांना मुंग्या येतात, ती बधिर होतात, करंगळी मात्र शाबूत राहते. त्रास रात्री जास्त, कारण झोपेत मनगट दुमडलेले राहते. बाई दचकून उठते, हात झटकते आणि थोड्या वेळाने बरे वाटते. आमच्या मावशीच्या शब्दांत सांगायचे तर, "रातच्याला हात मरतोय गं ताई. झटकला का मग जित्ता होतो." पुढे मी ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी मला हेच लक्षण अर्धा तास समजावून सांगितले. मावशीने एका वाक्यात सांगितले होते.

हे कोणाला होते? पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. गरोदरपणात, मधुमेहात, थायरॉईड मंदावल्यावर, संधिवातात, वजन वाढल्यावर याचा संभव वाढतो. मनगटाचे हाड मोडून वेडेवाकडे जुळले तरी होते. लोक म्हणतात, हा संगणकवाल्यांचा आजार. आपल्या तालुक्यात हिंजवडीही येते आणि ताम्हिणीकडच्या वस्त्याही येतात, त्यामुळे हा प्रश्न मी मुद्दाम विचारला. उत्तर असे मिळाले की टंकलेखनाशी असलेला संबंध समजतात तितका पक्का नाही. जोर लावून मूठ आवळायची, तीच हालचाल दिवसभर करायची किंवा थरथरणारे यंत्र हातात धरायचे, अशा कामांचा संबंध कितीतरी स्पष्ट आहे.

आता आपल्या कातकरी बहिणींचे वर्ष डोळ्यांपुढे आणा. जुलैत भाताची लावणी. दिवसभर वाकून, डाव्या हातात रोपांची मूठ आणि उजव्या हाताची बोटे चिखलात. दिवाळीच्या आगेमागे कापणी, म्हणजे विळ्याची मूठ आवळून धरणे. मग उचल घेतलेली असते, म्हणून नवराबायको मुलांना घेऊन वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडाशीच परततात. तिथे चिखलाचा गोळा मळायचा, उचलून साच्यात आपटायचा, दाबायचा, साचा पालथा करायचा. पुन्हा गोळा. शिवाय लाकूड फोडणे, पाणी वाहणे, भाकऱ्या थापणे हे आहेच. संगणकावर काम करणाऱ्याच्या हाताला मुंग्या आल्या तर तो रजा टाकून डॉक्टरकडे जातो. ही बाई हात झटकते आणि पुढची वीट थापते.

इथे आपल्या आरोग्य स्वयंसेवकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. बधिर हात म्हणजे प्रत्येक वेळी कार्पल टनेल नव्हे. आपल्या भागात कुष्ठरोगाचा विचार आधी मनात यायलाच हवा. कुष्ठरोगात बहुधा कोपरामागची नस धरली जाते, त्यामुळे करंगळी आणि अनामिका आधी बधिर होतात. ती नस बोटाने चाचपली तर जाड लागते. अंगावर कुठेतरी फिकट किंवा लालसर चट्टा असतो आणि त्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाही. रात्री उठून हात झटकण्याची तक्रार त्यात सहसा नसते. डॉ. पॉल ब्रँड यांचे नाव आपल्यापैकी ज्येष्ठांनी ऐकले असेल. तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरांत मिशनरी आईवडिलांच्या पोटी 1914 मध्ये जन्मलेले हे शल्यविशारद 1946 मध्ये वेल्लोरला आले आणि कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करू लागले. त्यांनी जगाला पटवून दिले की कुष्ठरोग्याची बोटे मुख्यतः बधिरपणामुळे झिजतात. वेदना नसते, म्हणून भाजले-कापलेले कळत नाही. हात बधिर असलेल्या कोणत्याही बाईला चुलीजवळ जपायला सांगावे ते यासाठीच. चट्टा दिसला किंवा शंका आली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. कुष्ठरोगाची औषधे तिथे मोफत मिळतात आणि हा आजार पूर्ण बरा होतो. मानेतली नस दबली तरी हाताला मुंग्या येतात, पण तेव्हा दुखणे बहुतेक मानेतून खाली उतरते.

घरच्या घरी करून पाहण्यासारखी एक खूण आहे. दोन्ही हातांचे पालथे भाग एकमेकांना टेकवायचे, बोटे जमिनीकडे, मनगटे दुमडलेली, आणि एक मिनिट तसेच थांबायचे. अंगठा आणि पहिल्या बोटांना मुंग्या आल्या तर शंका घ्यायला जागा आहे. अमेरिकेतले हाताचे शल्यविशारद जॉर्ज फेलन यांच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. नेमके निदान मज्जातंतूतून विजेचा संदेश किती वेगाने जातो ते मोजून होते.

आता यंत्राकडे वळू. पहिला गैरसमज नावामुळे होतो. शॉक म्हटल्यावर बायका म्हणाल्या, "करंट देतात का?" करंट मुळीच नाही. ही आवाजाच्याच जातीची दाबाची लाट आहे, फक्त अतिशय जोरकस आणि क्षणात उसळून ओसरणारी. विमाने बांधणाऱ्या डॉर्नियर या जर्मन कंपनीच्या संशोधनातून ती वैद्यकात आली. 7 फेब्रुवारी 1980 रोजी म्युनिकमध्ये डॉ. ख्रिश्चन शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लाटांनी एका रुग्णाचा मुतखडा पोट न फाडता फोडला. मुतखड्याचा तो उपचार आज आपल्याकडेही सर्रास होतो. पुढे हाडे आणि कंडरांच्या दुखण्यांवर, विशेषतः टाचदुखीवर आणि खांद्यावर, याच लाटा खूप कमी जोराने वापरू लागले. मनगटावरचा वापर त्या मानाने नवा आहे.

यंत्रे दोन प्रकारची असतात. एकात लाटा आत ठरावीक खोलीवर एकवटतात. दुसऱ्यात नळीतला छोटा धातूचा तुकडा दाबलेल्या हवेने पुढे आदळतो आणि त्याचा ठोका त्वचेवर टेकवलेल्या टोकातून आत पसरतो. फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत बहुतेक वेळा हा दुसरा प्रकार दिसतो. मनगटावर जेल लावतात आणि काही मिनिटांत एक-दोन हजार ठोके देतात. सहसा आठवड्यातून एकदा, असे काही आठवडे. ठोके बसताना थोडे दुखते, नंतर लाली येते किंवा लहानसा काळानिळा डाग पडतो. गरोदर बाईवर, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यावर, त्या जागी गाठ किंवा जंतुसंसर्ग असेल तर हा उपचार करत नाहीत. गरोदरपणातच हे दुखणे पुष्कळ दिसते, हे लक्षात घेतले तर त्या बहिणींसाठी यंत्राचा उपयोग नाही.

आणि गुण येतो का? खोटे सांगायचे नाही, येतो. 2016 मध्ये तैवानमधल्या डॉक्टरांनी 34 रुग्णांची 40 मनगटे घेऊन एक काटेकोर तुलना प्रसिद्ध केली. अर्ध्या मनगटांना खरे ठोके, अर्ध्यांना नुसते सोंग, आणि रात्रीची पट्टी मात्र सगळ्यांना. ठोके तीन वेळा. खऱ्या ठोक्यांच्या गटात दुखणे जास्त कमी झाले आणि हाताचे काम जास्त सुधारले. त्याआधी 2013 मध्ये कोरियातल्या डॉक्टरांनी लाटांची तुलना स्टिरॉईडच्या इंजेक्शनशी केली, तेव्हा दोन्ही गटांतल्या लोकांचा त्रास कमी झाला. पण या अभ्यासांतली माणसे थोडी, पाहणी बहुधा काही आठवड्यांची किंवा महिन्यांची, आणि रुग्ण मुख्यतः सौम्य ते मध्यम दुखण्याचे. ठोके किती, किती जोराचे, किती वेळा, यावर अजून एकमत नाही. लाटा नेमके काय करतात याचेही अंदाजच आहेत. सूज उतरत असावी, रक्तपुरवठा सुधारत असावा, असे म्हणतात. एक गोष्ट मात्र त्या नक्की करत नाहीत. तो आडवा पट्टा त्या कापत नाहीत. दाब फार असेल तर बोगदा होता तसाच राहतो.

मावशीची गोष्ट इथेच येते. धरणाच्या बाजूला एका कातकरी वस्तीत ती राहते, पन्नाशीजवळची. दोन वर्षे ती मला हाताचे सांगत होती आणि दोन वर्षे मी तिला मलम देत होते. कामाने हात शिणला असेल, असे मी समजले. ही माझी चूक आहे आणि ती इथे लिहून ठेवते. मग भट्टीवरच्या कोणीतरी तिला एका खाजगी दवाखान्याचे नाव सांगितले. तिथे या लाटांच्या दहा वेळा सांगितल्या. पैसे आधी भरायचे होते. तिने मुकादमाकडून वाढीव उचल घेतली. चार-पाच वेळा झाल्यावर रात्रीच्या मुंग्या कमी झाल्या. ती खूश झाली, मीही झाले. दहा पुऱ्या करून ती भट्टीवर गेली.

उन्हाळ्यात मी भेटायला गेले तेव्हा तिने पोलक्याचे हूक लावायला सुनेला हाक मारली. मला तेव्हा कुठे खटकले. तिचा उजवा हात हातात घेतला तर अंगठ्याच्या बुडाशी जिथे मांसल उंचवटा असतो तिथे खळगा होता. डावा हात शेजारी धरल्यावर फरक लहान मुलालाही कळला असता. शुभवर्तमानातल्या वाळलेल्या हाताच्या माणसाची गोष्ट तीन शुभवर्तमानांत आहे, पण तो हात उजवा होता हे एकट्या लूकने लिहिले आहे. पदविकेच्या वर्गात आम्ही त्यावरून भराभर पुढे गेलो होतो. त्या दिवशी भट्टीवर मला ते आठवले.

सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी समजावले ते आपण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. दाब फार दिवस राहिला की मज्जातंतू मरू लागतो, आणि मरणारा मज्जातंतू दुखायचे थांबतो. मुंग्या कमी होणे म्हणजे नेहमीच बरे होणे नव्हे. मावशीच्या मुंग्या लाटांमुळे कमी झाल्या की मज्जातंतू थकल्यामुळे, हे आता कोणी सांगू शकत नाही. अंगठ्याची ताकद कोणी तपासली असती तर दहा वेळांऐवजी तिला थेट शल्यचिकित्सकाकडे पाठवले असते. तिची शस्त्रक्रिया झाली. फक्त हात बधिर करून, थोड्याच वेळात, तो आडवा पट्टा कापून बोगदा मोकळा केला आणि त्याच दिवशी घरी सोडले. त्या आठवड्यापासून तिला रात्रभर झोप लागते. बोटांची जाणीव हळूहळू परत आली. अंगठ्याचे मांस मात्र पुरते भरून आलेले नाही. सुई अजून तिच्या हातात ठरत नाही. उचल फेडायला पुढचा हंगामही त्याच मालकाकडे काढावा लागला.

म्हणून उपचारांचा क्रम महत्त्वाचा. दुखणे सौम्य असेल तर पहिला उपाय रात्रीची पट्टी. मनगट सरळ ठेवणारी ही पट्टी औषधांच्या दुकानात काही शे रुपयांत मिळते आणि किमान सहा आठवडे रोज रात्री बांधायची असते. एक बारकावा सांगते, कारण आमचीही फसगत झाली होती. दुकानातल्या कित्येक पट्ट्यांमधली धातूची पट्टी मनगट मागे वाकवणारी असते. ती बाहेर काढून हाताने सरळ करून परत घालावी. मागे वाकलेल्या मनगटातही बोगद्यातला दाब वाढतो. सोबत रक्तातली साखर आणि थायरॉईड तपासावे. एवढ्याने भागले नाही तर बोगद्यात स्टिरॉईडचे एक इंजेक्शन, त्याने कित्येकांना काही महिने आराम पडतो. लाटांची जागा असलीच तर इथे, पट्टीच्या जोडीला, ज्याला परवडते आणि इंजेक्शन नको आहे त्याच्यासाठी. पण बधिरपणा दिवसरात्र राहू लागला, वस्तू हातातून पडू लागल्या, अंगठ्याचे मांस उतरू लागले, की पट्टी, इंजेक्शन, लाटा यांत वेळ घालवू नये. तेव्हा शस्त्रक्रियाच.

शस्त्रक्रियेची खरी अडचण पैशांची कमी आणि दिवसांची जास्त आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले आहेत. पौडच्या ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन औंधच्या जिल्हा रुग्णालयात जाता येते. पण टाके निघेपर्यंत हात कोरडा ठेवायचा आणि जोराचे काम महिना-दीड महिना करायचे नाही, हे वस्तीवर कसे जमायचे? लावणीत शक्य नाही, कापणीत नाही, भट्टीवर तर नाहीच. आम्ही बायकांबरोबर बसून वर्ष मोजले. लावणी उरकल्यापासून कापणीपर्यंत, ऑगस्ट-सप्टेंबरचे दिवस तेवढे सापडले. तेव्हा घरात धान्यही नसते आणि मजुरीही नसते. पाऊस असतो आणि टाके भिजण्याची भीती असते. पण दुसरे दिवस नाहीत.

आता त्या बांधवांचे उत्तर. मी त्यांना सांगितले की यंत्र घेऊ नये असे मला वाटते. यंत्राला सतत वीज लागते, शिकलेला फिजिओथेरपिस्ट लागतो, आतला आदळणारा भाग झिजतो आणि बदलावा लागतो. सर्वांत मोठी भीती अशी की दारात यंत्र आले की प्रत्येक बधिर हात त्याच्याखाली जाईल, कुष्ठरोगाचाही आणि अंगठा वाळलेलाही. त्यापेक्षा तोच पैसा रात्रीच्या पट्ट्या, औंधपर्यंतचे जाणे-येणे आणि शस्त्रक्रियेनंतरच्या सहा आठवड्यांचे घरचे धान्य यांवर खर्च करू. ते थोडे नाराज झाले. माणसाला आपल्या घरी आलेला गुण दुसऱ्यालाही मिळावा असे वाटते, यात वावगे काहीच नाही. मी विचारले, "वहिनींना लाटांबरोबर आणखी काही दिले होते का?" ते म्हणाले, "रात्री बांधायची एक पट्टी होती ना!"

पुढच्या शनिवारी ते दोघेही आमच्याबरोबर वस्तीवर आले. वहिनी ओसरीवर बसून पट्ट्यांमधले धातूचे तुकडे सरळ करत होत्या आणि बायका एकमेकींच्या हातांना हात टेकवून मिनिट मोजत होत्या, कोणी दहापर्यंत, कोणी वीसपर्यंत. मावशीला आता पट्टी लागत नाही. तिची पट्टी सध्या तिची सून वापरते. सुनेला सातवा महिना आहे आणि तिची बोटे रात्री झोपतात. बाळंतपणानंतर हे बहुतेक वेळा आपोआप कमी होते, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. तरी दिवाळीनंतर ती भट्टीवर जाण्याआधी आम्ही तिचा अंगठा पाहून येणार आहोत.